शनिवारचा सिनेमा: 'किलर ऑफ शीप'

बी-४०२: शनिवारी क्लब हाउसमध्ये 'किलर ऑफ शीप' लावू या का? माझ्याकडे डीव्हीडी आहे. कृष्णधवल, दीड तासाच्या आतला.

ए-१०३ काका: नाव नाही ऐकलं. हॉलिवूडचा का?

बी-४०२: लॉस एंजेलिसचा आहे काका, पण हॉलिवूडचा नाही. इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर बनलेला. दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट तिथल्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होते, तेव्हाचं हे त्यांचं पदवीचं काम. वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सुट्टीच्या दिवशी शूटिंग. खर्च १० हजार डॉलरच्या आत. पूर्ण झाला १९७७ मध्ये.

सी-६०१ ताई: म्हणजे बजेट कमी की झाला इंडिपेंडंट?

बी-४०२: ताई, मला पैशापेक्षा शेवटचा शब्द कोणाचा, हे महत्त्वाचं वाटतं. १९५७ मध्ये अभिनेते-दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेट्स यांनी न्यूयॉर्कच्या रेडिओवर सांगितलं, साध्या माणसांवरचा सिनेमा हवा असेल तर पैसे पाठवा. श्रोत्यांनी खरंच डॉलर पाठवले! 'शॅडोज' असा सुरू झाला. तयार झाला, लोकांना दाखवला, पण कॅसाव्हेट्स यांचंच मन भरेना. मग बराचसा भाग पुन्हा शूट केला. पैसा स्टुडिओचा असता तर कोण करू देणार होतं हे?

डी-२०४: आणि सनडान्स, तो इंडिपेंडंट सिनेमांचा महोत्सव?

बी-४०२: ते नंतरचं. अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांची सनडान्स संस्था १९८१ ची. तिच्या महोत्सवामुळे पुढच्यांना वितरक मिळू लागले. बर्नेटना ती वाट नव्हती. शिवाय सिनेमातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, ते सोडवून थिएटरात रीतसर लागायला २००७ उजाडलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मात्र १९९० मध्येच तो जतन करायच्या यादीत घेतला होता. तीस वर्षं डब्यात! मला अजून वाईट वाटतं.

सी-६०१ ताई: गोष्ट काय आहे?

बी-४०२: स्टॅन कत्तलखान्यात काम करतो, त्याला झोप लागत नाही. एक प्रसंग सांगते. तो आणि मित्र पैसे जमवून गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात. घामाघूम होत जिन्यावरून उतरवतात, ट्रकच्या मागच्या कडेला कसंबसं ठेवतात. ट्रक सुरू होतो आणि इंजिन धाडकन रस्त्यावर.

ए-१०३ काका: अरेरे. उचलून परत का नाही ठेवलं?

बी-४०२: फुटलं काका. तिथेच टाकून जातात. कॅमेरा ट्रकवर आहे, इंजिन लांब लांब जात राहतं.

ए-१०३ काका: सबटायटल्स लाव. मी येतो.

सी-६०१ ताई: चावी माझ्याकडे आहे. सातला उघडते.