व्हॉल्व्हची नोंद एक्सेलमधून नकाशावर आणायची आहे. कोणतं सॉफ्टवेअर, कोणते रकाने?

प्रश्न (पाणीवाटप_खराडी)

मोठ्या वसाहतीच्या पाणीवाटपात ३१० व्हॉल्व्ह आहेत. १०० ते ४५० मिमी, बहुतेक स्लूस (वरखाली सरकणाऱ्या गेटचे), मोठ्या लाइनवर बटरफ्लाय (फिरणाऱ्या तबकडीचे), शिवाय २० एअर व्हॉल्व्ह (लाइनीतली हवा आत-बाहेर सोडणारे). सगळी नोंद एका एक्सेल फाइलमध्ये आणि जागा लिहिल्यात त्या अशा: ‘वडापावच्या गाडीसमोर’, ‘पिंपळाजवळ’. गाडी कधीच हलली, रस्त्यावर दोनदा डांबर चढलं. लाइन फुटली की कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा हे फक्त दोन जुन्या व्हॉल्व्हमनना माहीत. सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? फोनवर, नेट नसतानाही चाललं पाहिजे.

उत्तर (नकाशावाला)

एवढ्यासाठी विकतचं घेऊ नका. ऑफिसात क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) आणि फोनवर क्यूफील्ड (त्याचं जागेवर नोंदी भरायचं अ‍ॅप) लावा. दोन्ही फुकट आहेत आणि क्यूफील्ड नेटशिवाय चालतं. माहिती जिओपॅकेज फाइलमध्ये (नकाशा आणि तक्ते एकत्र ठेवणारी फाइल) ठेवा, प्रोजेक्शन, म्हणजे नकाशाची मोजणीपद्धत, ईपीएसजी ३२६४३ निवडा. खराडी, म्हणजे पुणे, यूटीएम या मीटरमधल्या जागतिक मोजणीपद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, त्यामुळे अंतरं थेट मीटरमध्ये मिळतात.

खरी मेख रकान्यांत आहे. एक व्हॉल्व्ह, एक ओळ आणि ‘शेवटची तपासणी’ असा एक रकाना ठेवलात, तर नवी तारीख टाकताना जुनी पुसली जाईल आणि व्हॉल्व्ह कधीपासून जड होत गेला ते कळणारच नाही. दोन तक्ते करा. पहिल्यात व्हॉल्व्हची जन्मकुंडली: प्रकार, व्यास, बंद करायची दिशा, पूर्ण आटे (पूर्ण बंद करायला चावीचे किती फेरे), चेंबरची (व्हॉल्व्हच्या खड्ड्याची) खोली, आणि नेहमी उघडा असतो की बंद. दुसऱ्यात तपासण्या: तारीख, किती आटे फिरले, ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं सील) गळतं का, चेंबरमध्ये पाणी आहे का, फोटो. प्रत्येक भेटीला नवी ओळ. दोन्ही तक्ते यूयूआयडीने (कुठेही पुन्हा न येणारा लांब ओळख-क्रमांक) जोडा. फाइलच्या आपोआप पडणाऱ्या क्रमांकाने जोडलेत, तर दोन फोनवर एकाच दिवशी भरलेल्या नव्या नोंदींना तेच क्रमांक पडतात आणि एकत्र करताना गोंधळ होतो.

झाकणावर रंगवलेल्या नंबरावर विसंबू नका. काम झालं की शेजारच्या दोन चेंबरांची झाकणं सर्रास अदलाबदल होतात. नंबराचा बिल्ला आत, चेंबरच्या भिंतीवर ठोका.

जागेचं म्हणाल तर फोनचा जीपीएस मोकळ्यावर ३ ते ५ मीटर चुकतो, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. डांबराखालचं झाकण शोधायला तो पुरत नाही. टेपने तीन पक्क्या खुणांपासून अंतर घ्या: कंपाउंडचा कोपरा, पुलाचा कठडा, इमारतीचा कोपरा. विजेचा खांब घेऊ नका, रस्ता रुंद झाला की तो हलतो.

उत्तर (चावी_आणि_आटे)

वरच्यात ‘पूर्ण आटे’ हा रकाना आहे, त्याकडे कुणी कानाडोळा करू नये. स्लूस व्हॉल्व्हला ढोबळ हिशेब असा: व्यास इंचात घ्या, तिपटीत २ मिळवा. १५० मिमी म्हणजे ६ इंच, साधारण २० आटे. कंपनीगणिक स्पिंडलचा (व्हॉल्व्हच्या दांड्याचा) पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, बदलतो, म्हणून पहिल्यांदा नीट बंद होईल तेव्हा मोजलेला आकडाच खरा धरा. गिअरबॉक्स असलेल्या बटरफ्लायला हा हिशेब लावू नका.

२० आट्यांचा व्हॉल्व्ह १४ वर अडला तर बहुधा गेटखाली गाळ किंवा खडे आहेत. चावीला पाइप लावून जोर देऊ नका, स्पिंडल तुटतो. ३-४ आटे मागे घ्या, पाण्याच्या वेगाने गाळ वाहू द्या, पुन्हा बंद करा. असं चार-पाच वेळा. शेवटचे आटे अगदी सावकाश, नाहीतर वॉटर हॅमरने (पाणी एकदम अडल्यावर बसणाऱ्या धक्क्याने) लाइनचा कमकुवत जोड सुटतो. आणि कितीवर अडला ते तपासणीच्या ओळीत लिहाच.

आणखी एक. परदेशी माहितीपुस्तकांत सरसकट ‘वर्षातून एकदा फिरवा’ असं असतं. आपल्याकडे ठरावीक वेळी पाणी सोडतात, त्यामुळे काही व्हॉल्व्ह रोज दोनदा फिरतात आणि काही दहा वर्षं हलत नाहीत. ‘रोजचा’, ‘हद्दीचा’, ‘दुरुस्तीचा’ असा वर्गाचा रकाना ठेवा. रोजच्याचं ग्लँड पॅकिंग झिजतं, दुरुस्तीचा गंजून बसतो. दोघांची तपासणी वेगळी. हद्दीचा बंद व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला तर दोन झोनचं पाणी एक होतं आणि मीटरचे आकडे निरुपयोगी होतात.

पाणीवाटप_खराडी

एअर व्हॉल्व्हलाही हेच रकाने चालतील? आणि फाइल चौघांनी मिळून वापरायची असेल तर?

उत्तर (नकाशावाला)

एअर व्हॉल्व्हच्या तपासणीत ‘चेंबरमध्ये पाणी किती वर’ हा रकाना सक्तीचा करा. पुरवठा थांबून लाइन रिकामी होताना एअर व्हॉल्व्ह हवा आत ओढतो; चेंबर पावसाच्या पाण्याने भरला असेल तर तेच घाण पाणी पिण्याच्या लाइनीत जातं. म्हणून या २० जणांची पाहणी जूनच्या आधी उरका, आणि पावसाळ्यात पुन्हा करा. खोल चेंबरमध्ये एकट्याने उतरू नका, झाकण उघडून हवा खेळू द्या.

जिओपॅकेज शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून चौघांनी एकदम उघडू नका, फाइल लॉक होते आणि बिघडूही शकते. चौघं एकाच वेळी भरणार असतील तर पोस्टजीआयएस (सर्व्हरवरचा नकाशांचा डेटाबेस) वापरा. एक्सेलसाठी सीएसव्ही (साधा मजकूर-तक्ता) काढताना अक्षरांसाठी यूटीएफ-८, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण) निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात.