मेमरी लिमिट वाढवून भागणार नाही
२ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर पीएचपी (वेबसाइट चालवणारी प्रोग्रामिंग भाषा) मेमरी खातंय म्हणून तिची 'मेमरी लिमिट' ५१२ एमबी करा, असा सल्ला कुणी दिला तर तो मला उलटाच वाटतो. ती मर्यादा अख्ख्या सर्व्हरला नाही, चालू असलेल्या प्रत्येक स्क्रिप्टला वेगळी लागते. चार स्क्रिप्ट एकदम बिथरल्या की खेळ खलास!

आधी मोकळी मेमरी दाखवणारी 'फ्री' कमांड चालवून 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. कॅशेत, म्हणजे फायली पटकन मिळाव्यात म्हणून केलेल्या तात्पुरत्या साठ्यात, गेलेली मेमरी लिनक्स गरजेला सोडतो, तिची धास्ती नको. खरी गोम बहुधा एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा भाग) 'मॅक्स चिल्ड्रन'मध्ये, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालतील त्या आकड्यात असते. एक प्रोसेस सरासरी ६० एमबी घेत असेल आणि डेटाबेसचं वगळून १२०० एमबी उरत असतील, तर २० च्या वर जाऊ नका. किती विनंत्यांनंतर प्रोसेस बंद करून नवी सुरू करायची ते ठरवणारं 'मॅक्स रिक्वेस्ट्स' मुळात शून्य असतं, म्हणजे कितीही विनंत्या झाल्या तरी तीच प्रोसेस राबते आणि फुगते. ५०० करून पाहा. गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणं, नेमकी कुठल्या एक्स्टेन्शनची (पीएचपीला जोडलेल्या जादा भागाची), ते मग सावकाश शोधता येईल.