फिरते रोबो आले म्हणून सुतार संपला?

रंधेवाला: काल एकाने छातीठोकपणे लिहिलं, ‘फिरते रोबो आले की लाकडी इमारतीला सुतार लागणारच नाही.’ वाचून राहवलं नाही. कारखान्यातला रोबो जमिनीला बोल्टने जखडलेला असतो, आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक असतं. बांधकामावर चाकांवर फिरणाऱ्याला दर थांब्यावर ते नव्याने शोधावं लागतं. चिखलात एक चाक जरासं खचलं, की लांबवलेल्या हाताच्या टोकाला चूक कितीतरी पटींनी वाढते. तिथे ओळंबा धरणारा माणूसच हवा.

दशांश: २०१९ सालचा हाइलब्रॉनचा लाकडी मंडप बघा. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या चमूने ३७६ भाग रोबोंकडून घडवून घेतले. ३० मीटरचा गाळा, मध्ये एकही खांब नाही. हाताने करून दाखवा!

रंधेवाला: भाग आधी घडवले, जागेवर बोल्ट आवळले ते कारागिरांनीच. तो रोबोसंच उचलून नेता येतो, मान्य. पण उचलून नेणं वेगळं आणि बांधकामावर स्वतः फिरणं वेगळं.

पाचर: दोघंही ओलाव्यावर गप्प का? लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की ते आकसायला लागतं, तेही सगळीकडे सारखं नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, त्यांना आडव्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट. माझ्या दाराची चौकट यंत्रावर अचूक कापून आली होती. बसवली, हवा दमट झाली, लाकूड फुगलं आणि दार अडकलं ते अडकलंच. शेवटी म्हाताऱ्या सुताराने कडेवरून बोट फिरवलं, नेमकं कुठे घासतंय ते सांगितलं आणि तेवढंच तासलं.

दशांश: एका चौकटीवरून निकाल देऊ नका. मोठ्या इमारतींत आडवे-उभे थर चिकटवलेले फलक असतात, एक थर दुसऱ्याची हालचाल रोखतो. नॉर्वेतली म्योस्टॉर्ने ८५.४ मीटर उंच आहे, १८ मजली. चिकटवलेल्या लाकडाशिवाय उभी राहिली असती?

पाचर: चिकटवलेलं! मग लाकडी इमारत म्हणून मिरवता कशाला? उद्या पाडल्यावर ते फलक जाळायचे की पुरायचे, ते सांगा.

दशांश: काहीही काय! वजनाच्या मानाने गोंद नगण्य असतो. फलक स्क्रूने जोडलेले असतील तर सोडवून पुन्हा वापरता येतात.

पाचर: ‘येतात’ आणि ‘वापरले’ यात फरक आहे. आणि ‘काहीही’ म्हणायचं काम नाही, मी भाषा जपून बोलतोय.

गुण्या: गोंदावर वेगळा धागा काढा, हात जोडतो. मी तुळया खांद्यावर वाहिल्यात, कंबर कायमची गेली. वजन पेलून धरणारा फिरता रोबो मला आज हवाय. सांधा मी जुळवतो.

रंधेवाला: पेलण्यापुरता असेल तर माझी ना नाही. पण काल लिहिणाऱ्याने ‘सुतार लागणारच नाही’ म्हटलं होतं, ते त्याने मागे घ्यावं.

दशांश: ‘लागणारच नाही’ हे जास्त झालं, एवढं मानतो. ‘कमी लागतील’ यावर मी ठाम आहे.

पाचर: आणि माझा पाडकामाचा प्रश्न?