बंदूकवाले दिसतात, बंडीवाले दिसत नाहीत

कुणीतरी म्हटलंय की सिनेमातला आंदोलक एकतर बंदूकधारी असतो, नाहीतर भाषणबाज. पटलं. नक्षलवादावरचा 'चक्रव्यूह' (2012) घ्या: जंगल, गोळीबार, दोन मित्रांचं वैर; गाव नुसतं मागे उभं.

'कोर्ट' (2014) मात्र वेगळा. तुझ्या गाण्यामुळं सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप लोकशाहिरावर, आणि पुढं तारखांवर तारखा! शाहीर झालेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचे, स्वतः चळवळीतले. 2021 मध्ये कोरोनानं गेले. अभिनय करताहेत असं वाटतच नाही.

लहानपणी आमच्या यवतमाळकडं कापसाच्या भावासाठी रास्ता रोको पाहिलाय. बंड्या (बैलगाड्या) डांबरी रस्त्यावर आडव्या, बैल सोडून निंबाखाली बांधलेले, बायांच्या फडक्यात भाकर नि ठेचा. घोषणा थांबली की विषय एकच: उद्या वेचणीले बाया भेटतीन का? संध्याकाळी पोलिसांनी सोडलेली माणसं पायीच घरी, चपला हातात घेऊन (माझा बापही त्यात होता).

'गाभ्रीचा पाऊस' (2009) विदर्भातलाच, चांगलाही आहे; पण तिथला शेतकरी आपल्या वावरात एकटा. रस्त्यावर बसलेलं अख्खं गाव दाखवणारा सिनेमा माहीत असेल तर सांगा बाप्पा, आजच पाहतो.