टेन-ट्वेंटीटू (१०/२२) रायफलमध्ये बाहेरची मॅगझिन्स अडकताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ओहायोत राहतो. रूगर १०/२२ ही .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल दोन वर्षं वापरतोय, फक्त कागदी टार्गेटसाठी. पुढच्या महिन्यात अ‍ॅपलसीडच्या (रायफल नेमबाजी शिकवणारा उपक्रम) दोन दिवसांच्या शिबिराला नाव घातलंय आणि नेमका आत्ताच मॅगझिननं, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीनं, छळ मांडलाय. कोल्हापूरच्या नेमबाज मित्राला फोन केला, पण त्यांच्या ५० मीटरच्या स्पर्धांत एकेक गोळी हातानं भरायची असते. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक जिंकलं तेही तसंच. त्यामुळे हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नाही.

रायफलबरोबर १० गोळ्यांचं एकच मॅगझिन आलं होतं. १९६४ साली ही रायफल बाजारात आली तेव्हापासून त्याची रचना तीच आहे: आत फिरतं चक्र आणि प्रत्येक गोळीला चक्रात स्वतंत्र खाच. नंतर मी दुसऱ्याच एका कंपनीची २५ गोळ्यांची तीन प्लॅस्टिकची मॅगझिन्स स्वस्तात घेतली, लांब आणि केळ्यासारखी वाकडी. तिन्हींवर रंगानं १, २, ३ असे आकडे घातले आणि प्रत्येक अडथळा वहीत टिपत गेलो. गोळ्या सगळीकडे एकाच प्रकारच्या, ४० ग्रेन वजनाच्या, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या).

मूळ मॅगझिन: २०० गोळ्या, अडथळा १, आणि तोही गोळी फुटलीच नाही म्हणून. बाहेरच्यांतून प्रत्येकी १५० गोळ्या झाडल्या. नंबर १ पाच वेळा अडकलं, नंबर ३ चार वेळा आणि नंबर २ तब्बल एकवीस वेळा!

प्रत्येक वेळी प्रकार तोच. गोळीचं नाक चेंबरच्या (नळीत गोळी बसते ती जागा) तोंडाशी भलत्याच कोनात आदळतं आणि तिला पुढे ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर थांबतो. मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून गोळी बाहेर घेतली की शिशाला चेप पडलेला दिसतो. रिकामी पुंगळी मात्र एकदाही अडकली नाही, म्हणून पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरवर माझा संशय नाही. चेंबर साफ केलं, मॅगझिन्स उघडून आतली मेणचट घाण पुसली. फरक शून्य.

शिबिरातल्या चाचणीत एका फेरीला ५५ सेकंदांत १० गोळ्या असतात. आधी २ गोळ्यांचं मॅगझिन, मग बदलून ८ गोळ्यांचं. तिथे एकदा अडकलं की मार्क गेलेच, आणि मला २५० पैकी २१० करायचेतच. वर्षभर त्यासाठीच सराव चाललाय. तर नंबर २ चे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकवून दुरुस्त होतात का? की तिन्ही टाकून द्यावीत?

तासगावकर:
प्लॅस्टिकच्या ओठांना हात लावू नका. पत्र्याचे ओठ पक्कडीनं थोडे जुळवता येतात, प्लॅस्टिक परत मूळ जागी येतं नाहीतर तडकतं. मूळ मॅगझिनला तोंडाशी पोलाद असतं, झिजेचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. दुसरं, .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. चक्रात ती कुणाला आडवी येत नाही, पण एकावर एक रचलेल्या मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेपुढेच बसली पाहिजे. मागे राहिली की बोल्टनं ढकलताना अडकते. घाईत खटाखट भरत असाल तर एकदा सावकाश भरून बघा.

अनुराधा_ह्यूस्टन:
दादा, वहीत पोझिशन लिहिली आहे का? प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून झाडताना, लांब मॅगझिनचं बूड जमिनीला टेकतं. रायफलचा भार त्याच्यावर आला की मॅगझिन वर ढकललं जातं, तिरपं होतं, आणि गोळी हव्या त्या उंचीला राहत नाही. माझ्या नवऱ्यानं याच कारणापायी नवी स्प्रिंग घेतली होती. दोष स्प्रिंगचा नव्हताच.

धागाकर्ता:
अनुराधाताई, आत्ता वही काढून बसलो. नंबर १ चे पाचही अडथळे प्रोनमधले. नंबर ३ चे चारही! नंबर २ चे बारा प्रोनमधले, पण नऊ बसून आणि उभ्यानं. म्हणजे १ आणि ३ ला मी उगाच दोष देत होतो, मीच त्यांच्यावर रेलत होतो. तासगावकर, तुमचं वाचून नंबर २ दिव्याखाली धरलं. डावा ओठ उजव्यापेक्षा पातळ झालाय, कडेला पांढरी रेघ उमटलीय. ते आजच बाजूला काढलं.

शिबिरासाठी १० गोळ्यांची मूळ मॅगझिन्स आणखी दोन मागवली आहेत. ती खालून सपाट असल्यानं जमिनीला टेकायचा प्रश्नच नाही. शनिवारी रेंजवर १ आणि ३ फक्त बसून चालवतो, प्रत्येकी ५० गोळ्या, सावकाश भरून. आकडे इथेच टाकेन.