मास इफेक्ट (२००७) : कौतुक आणि शिव्या, दोन्ही येऊ द्या

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे पाय उशीवर, टीव्ही बघून बघून डोकं उठलं म्हणून पोराच्या लॅपटॉपवर मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमची लिजंडरी एडिशन टाकून घेतली. तीच ती २०२१ ची, तिन्ही भाग एकत्र असलेली. पहिला भाग मी मूळ आला तेव्हा खेळलो होतो. आता परत खेळताना जाणवतंय की हा गेम एकाच वेळी लई भारी आणि लई रद्दड आहे, आणि नेमकं काय भारी हे मला धड सांगता येत नाहीये, म्हणून धागा काढला. आपापले अनुभव लिहा. गोष्ट फुटेल याची काळजी करू नका, इतक्या वर्षांनी फुटली तर फुटली.

सुरुवात मीच करतो. लिफ्ट! सिटाडेल या भल्यामोठ्या अंतराळस्थानकावर एका मजल्यावरून दुसरीकडे जायचं म्हणजे लिफ्टमधे नुसतं उभं राहायचं, कारण मागे पुढचा भाग लोड होत असायचा. तेव्हा आम्ही सगळे बोंबलायचो. पण त्याच लिफ्टमधे आपले परग्रहवासी सोबती गॅरस आणि टाली एकमेकांना टोमणे मारायचे, तिसरा सोबती रेक्स काहीतरी खुनशी बोलायचा, वर स्पीकरवर बातम्या लागायच्या आणि त्या बातम्यांत आपणच मागच्या ग्रहावर घातलेला गोंधळ असायचा. आता लिफ्ट स्किप करता येते. मी करत नाही. बसून तरी दुसरं काय करायचंय.

*

आम्ही सांगलीला होस्टेलवर, २००९, रूममधे चौघं आणि पीसी एक, तोही असा की ग्राफिक्स सगळं लो वर ठेवलं तरी पंख्यासारखा घरघरायचा. डीव्हीडी कुठनं आली ते विचारू नका. एक जण खेळणार आणि तिघं मागनं अक्कल पाजळणार, असा नियम.

विर्मायर ग्रहावरचा बीच आला. रेक्सला कळतं की खलनायक सारेनकडं जेनोफेज या वांझ करणाऱ्या रोगावरचा उपाय आहे आणि आपण तोच अड्डा उडवायला निघालोय. म्हणजे त्याच्या अख्ख्या जमातीला परत पोरंबाळं होतील अशी एकच आशा, ती आपण बॉम्बनं उडवणार. तो चिडतो आणि शॉटगन सरळ आपल्यावर रोखतो. आता मेख अशी की त्याला समजवायला चार्म नाहीतर इंटिमिडेटमधे पॉइंट टाकलेले लागतात, आणि आमच्या गड्यानं सगळे पॉइंट पिस्तुलात घातलेले. समजुतीचं वाक्य समोर दिसतंय पण करड्या रंगात, दाबताच येत नाही. बाकी जे होतं ते निवडलं आणि आपल्याच तुकडीतल्या अॅशलीनं मागनं रेक्सला गोळ्या घातल्या. रूममधे एक मिनिट कुणी बोललं नाही. मग सगळ्यांनी मिळून त्याला धुतला.

नंतर कळलं की रेक्सच्या घराण्याचं जुनं चिलखत आधी शोधून दिलं असतं तरी तो ऐकला असता. ते साइड मिशन आमच्याच गड्यानं "टाइमपास आहे" म्हणून सोडलेलं.

मला विचाराल तर ताकद पण हीच आणि खोट पण हीच. माणूस मरतो ते मनाला लागतं, पण तुम्ही वाईट बोललात म्हणून नाही मरत, दहा तासापूर्वी पॉइंट चुकीच्या रकान्यात टाकले म्हणून मरतो. हे काय बरोबर नाही राव.

*

माकोबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून?? सहा चाकांची गाडी आणि चालते फुग्यासारखी, दगडावर चढली की उड्या, वळवली की गोल गोल. आणि ग्रह कसले, तर सगळे नव्वद अंशात उभे डोंगर, त्यांच्या टोकावर कुठलंतरी खनिज. मी एकदा पाऊण तास असल्याच एका ग्रहावर फिरून सगळं गोळा केलं, आता झालंच म्हणून सपाट मैदानात आलो आणि जमिनीतून थ्रेशर मॉ नावाचा राक्षसी किडा बरोब्बर गाडीखाली वर आला. एका झटक्यात खेळ खलास. शेवटचा सेव्ह? ग्रहावर उतरायच्याही आधीचा. कीबोर्ड आपटला, स्पेसबार अजून तिरका आहे.

आत शिरायचे अड्डे तर दोन-तीन नकाशांतच बनवलेले, पेट्या फक्त इकडच्या तिकडे. कुठल्याही ग्रहावर जा, तीच खोली, तोच जिना.

तरीपण एक कबूल करतो. चंद्रावरचं मिशन. माकोतून जाताना वर बघितलं तर काळ्या आकाशात पृथ्वी, एवढीशी. अख्ख्या गेममधे पृथ्वीवर उतरताच येत नाही, फक्त तिथून दिसते. मी गाडी थांबवली होती.

*

डोंबिवली. मी शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते कमांडरचं पात्र, कायम बाईच घेते, जेनिफर हेलच्या आवाजासाठी. गेममधे कुणी "अरे वा, बाई असून कमांडर" छाप बोलत नाही, हुकूम सुटतो आणि लोक कामाला लागतात. ऑफिसातून लोकलमधे उभ्यानं येऊन रात्री ते ऐकायला किती बरं वाटायचं ते सांगून कळणार नाही.

पण ते बोलण्याचं चक्र! त्यात दोन-तीन शब्द दिसतात आणि शेपर्ड बोलते भलतंच. मला वाटलं मी त्या रिपोर्टर बाईला जरा फटकारतेय, तर हिनं थेट ठोसाच मारला. मी खुर्चीत ओरडलेच, सासूबाई बाहेर आल्या बघायला. आणि याच्या उलटही आहे, बऱ्याच ठिकाणी तीन पर्याय देतात आणि तिन्हीतून वाक्य तेच निघतं. दुसऱ्यांदा खेळले तेव्हा ही लबाडी कळली, तोवर मी प्रत्येक उत्तर परीक्षेसारखं विचार करून देत होते.

सामानाची यादी हा वेगळाच छळ. दीडशे वस्तू झाल्या की जागा भरली, मग एकेक बंदूक वितळवून ऑम्नी-जेल करत बसा. भंगारवाल्याकडे रद्दी मोजून दिल्यासारखं. विश्व वाचवायचंय की माळा साफ करायचाय?

*

मी सोडून दिला बुवा. सिटाडेलवर तीन तास नुसता या वकिलातीतून त्या वकिलातीत, याला भेट त्याला भेट, तहसील कचेरीत फेऱ्या घातल्यासारखं. गोळीबार चालू व्हायची वाट बघत झोप लागली. आणि झाला तेव्हा बंदूक हातात अशी डुलत होती की समोरच्यापेक्षा मलाच धोका. दुसरा भाग (२०१०) मात्र दोनदा संपवला, त्यात हात पटकन बसतो. मारा मला.

*

वरच्या भाऊंना मारणार नाही, पण दुसऱ्या भागाने काय बिघडवलं तेवढं सांगतो. मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे गोळ्यांपेक्षा कोडेक्स, म्हणजे गेममधला माहितीकोश, जास्त वाचला, त्यात आवाजही आहे, डोळे मिटून ऐकता येतो. पहिल्या भागात बंदुकीला गोळ्या संपणं हा प्रकारच नाही. धातूच्या ठोकळ्यातून कणभर तुकडा निघतो आणि तो प्रचंड वेगाने फेकला जातो, त्यामुळे मर्यादा एकच, बंदूक तापते. आपल्या नॉर्मंडी या जहाजाचंही तसंच. जहाज लपतं म्हणजे काय, तर उष्णता बाहेर न सोडता पोटात साठवतं, आणि फार वेळ लपून राहिलं तर आतली माणसं शिजतील. पोरांना उष्णतेचं उत्सर्जन शिकवताना मी हे उदाहरण देतो, शेवटच्या बाकावरचे पण माना वर करतात. आणि दुसऱ्या भागात काय केलं, तर थंड करायच्या डब्या आणल्या, त्या संपल्या की बंदूक बंद. म्हणजे नाव बदलून गोळ्याच की! खेळायला बरं झालं असेल, पण विचार करून बांधलेली गोष्ट होती ती मोडली.

जेनोफेजचंही तेच सांगेन. सलारियन जमातीने बनवला, ट्युरियन जमातीने वापरला, आणि त्यानंतर क्रोगनांची, म्हणजे रेक्सच्या जमातीची, हजारात एखादीच गर्भधारणा तगते. त्याआधी रॅकनाय नावाच्या किड्यांशी लढायला याच क्रोगनांना वर काढलं होतं, काम झाल्यावर ते डोईजड झाले. यात बरोबर कोण हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. असारी ही जमात म्हणजे सगळ्या निळ्या सुंदर बायकाच, हा मात्र निव्वळ आंबटशौक.

एल्कोर जमातीचे लोक कुणाला आठवतात का? हत्तीएवढे, एका सुरात बोलणारे, म्हणून वाक्याआधी भावना सांगतात. आमच्या घरी अजून चालतं ते. "प्रचंड कंटाळून: हो, आणतो दूध."

*

नमस्कार, मी एडमंटनला असतो, कॅनडा. हा गेम बनवणारी बायोवेअर आमच्याच गावची. नोव्हेरिया ग्रहावर बर्फाच्या वादळातून कड्याच्या बाजूने माको घसरत जाते ना, ते मला बिलकुल परग्रह वाटत नाही, जानेवारीत उणे तीसला इथे पार्किंगमधून गाडी काढणं म्हणजे तेच.

माझी तक्रार वेगळी आहे. नोव्हेरियावर रॅकनाय राणीला सोडायचं की मारायचं यावर मी अर्धा तास घालवला, बायकोला उठवून विचारलं. तिसऱ्या भागात (२०१२) कळतं की मारली असली तरी रीपरांनी, म्हणजे खऱ्या शत्रू यंत्रांनी, बनवलेली दुसरी एक तिथे हजर. कौन्सिलवर मानवांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला बसवलं असेल तरी तिसऱ्या भागात दुसरा उमेदवार उडिनाच खुर्चीत. मग विचारलं कशाला? शेवटावरून जो गहजब झाला आणि नंतर फुकट वाढीव शेवट द्यावा लागला तो सगळ्यांना माहीतच आहे, पण माझ्या मते फसवणूक तिथे नाही, असल्या बारीक ठिकाणी आहे. एकट्या पहिल्या भागात ही फसवणूक दिसत नाही, कारण तिथे सगळं पुढच्या तारखेवर उधार.

*

सांगलीकरांना एक प्रश्न. रेक्स मेल्यावर विर्मायरला पुढे दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येतं, तर कुणाला वाचवलं, केडन का अॅशली?

*

केडनला. मतदान घेतलं, चार विरुद्ध शून्य. अॅशलीनं रेक्सला मारलेलं ना. खरं बघता गुन्हा पिस्तुलवाल्याचा होता, पण त्याला बॉम्बपाशी सोडायचा पर्याय गेममधे नव्हता.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांचं वाचतोय, मजा येतेय. माको आणि सामानाचं काही सुधारलं का असं ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: हो, लिजंडरीमधे माको बराच सरळ चालतो, नको असलेल्या वस्तूंवर भंगार म्हणून खूण करून सगळ्या एकदम वितळवता येतात. अड्डे मात्र तेच, जिना तोच. थ्रेशर मॉ पण आहे, सपाट मैदान दिसलं की आधी सेव्ह करा.