मदत हवी आहे: जुन्या सफारीत फ्लेक्सबॉक्सचा गॅप कसा सांभाळायचा?

मंडळी, एका साइटचं लेआउट करतेय, कार्डांची (माहितीच्या चौकटींची) रांग फ्लेक्सबॉक्सने, म्हणजे सीएसएसच्या ओळीत मांडायच्या पद्धतीने, लावलीय आणि मधलं अंतर गॅप या गुणधर्माने दिलंय, नव्या क्रोम-फायरफॉक्समध्ये एकदम व्यवस्थित दिसतं पण ॲपलच्या सफारी १३ ब्राउझरवर सगळी कार्डं एकमेकांना चिकटतात. कारण कळलंय, फ्लेक्समधला गॅप सफारीत १४.१ पासून आला, म्हणजे २०२१ मध्ये.

खरी अडचण पुढे आहे. ॲट-सपोर्ट्सने (ब्राउझरला एखादी सीएसएस सोय येते का ते विचारणारा नियम) गॅप तपासला तर सफारी १३ पण "चालतो" असंच सांगतं, कारण ग्रिडमध्ये (आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीत) त्याला गॅप येतोच, आणि फक्त फ्लेक्सपुरतं विचारायची सोय नाही, म्हणून फॉलबॅक (जुन्या ब्राउझरसाठीचा पर्यायी कोड) लागूच होत नाही. ऑटोप्रीफिक्सरचाही (सीएसएसला ब्राउझरचे उपसर्ग आपोआप जोडणारं साधन) इथे उपयोग नाही.

डोक्यात दोन रस्ते आहेत. एक म्हणजे गॅप काढून कार्डांना मार्जिन (भोवतीची मोकळी जागा) द्यायचं आणि बाहेरच्या कंटेनरला तेवढंच निगेटिव्ह (उणे) मार्जिन, हे सगळीकडे चालतं पण कोड वाचायला किचकट होतो. दुसरा, जावास्क्रिप्टने लपवलेला फ्लेक्स डिव्ह (पानावरचा साधा डबा) बनवून त्याची उंची मोजायची आणि गॅप चालत नसेल तर एचटीएमएल टॅगला क्लास लावायचा, म्हणजे त्यावरून फॉलबॅक लागू करता येतो, पण स्क्रिप्ट उशिरा आली तर पान हलतं ना? ग्रिड घ्यावं तर शेवटच्या ओळीत उरलेली कार्डं मधोमध हवीत, ते तिथे सहज जमत नाही.

माझा कल मार्जिनकडे आहे, जुनं मशीन वापरणाऱ्यालाही पान नीट दिसायलाच हवं. मोठ्या प्रोजेक्टवर तुम्ही यातलं काय वापरलंय, आणि कार्डं दोन-तीन ओळींत गेली की निगेटिव्ह मार्जिनमुळे आडवा स्क्रोल येतो तो कसा थांबवता?